अपूर्णांकाचा भागाकार कोणत्या वयात? देशोदेशीच्या शालेय गणिताची तुलना

त्रैराशिक

'आपल्याकडचं गणित जगात सर्वांत कठीण' आणि 'आंतरराष्ट्रीय परीक्षेत आपण तळाला' ही दोन्ही वाक्यं एकाच गप्पांत, कधी कधी एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येतात. दोन्हींत तथ्य आहे, कारण ती वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहेत.

टिम्स ही शालेय गणित-विज्ञानाची आंतरराष्ट्रीय परीक्षा घेणारी आयईए ही संस्था अभ्यासक्रमाचे तीन थर मानते. कागदावर ठरलेला, वर्गात प्रत्यक्ष शिकवला गेलेला आणि मुलाच्या पदरात पडलेला. 'कठीण' हा शेरा पहिल्या थरावर असतो आणि 'तळाला' हा तिसऱ्यावर. मधला थर मोजायला अवघड, म्हणून त्यावर कोणी फारसं बोलत नाही. माझ्या मते खरा फरक तिथेच आहे.

म्हणून या धाग्यापुरती एक विनंती. 'ते पुढे, आपण मागे' असं मोघम नको. एक घटक घ्या, एक वय घ्या, एक उदाहरण घ्या आणि मग बोला.

आधी वयाचा घोळ मिटवू. इंग्लंडमध्ये 'इयर १' म्हणजे पाच पूर्ण झालेली मुलं. त्यामुळे तिथलं इयर ६ ही वयाने आपली पाचवी. फिनलंडमध्ये मूल ज्या वर्षी सात वर्षांचं होतं, त्या वर्षी पहिलीत जातं. जपान, सिंगापूर आणि अमेरिका साधारण आपल्या बरोबरीने चालतात, फक्त जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये आणि सिंगापूरचं जानेवारीत सुरू होतं. 'इंग्लंडमध्ये चौथीतच बाराचा पाढा' असं कोणी सांगितलं तर ते मूल आपल्या तिसरीच्या वयाचं आहे हे ध्यानात ठेवा.

आता नमुन्यादाखल एकच घटक, अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागणे:

महाराष्ट्र (बालभारती): सहावी, 'अपूर्णांकावरील क्रिया' या प्रकरणात.
एनसीईआरटी: सातवी.
जपान: सहावी. भिन्न छेदांची बेरीज पाचवीत.
सिंगापूर: प्रायमरी ६.
अमेरिका (कॉमन कोअर, म्हणजे बऱ्याच राज्यांनी स्वीकारलेल्या समान अपेक्षा): पाचवीत फक्त अंश १ असलेले अपूर्णांक आणि पूर्ण संख्या यांचा एकमेकांना भागाकार, सहावीत पूर्ण रूप.
इंग्लंड: इयर ६ मध्ये १/३ ÷ २ = १/६ एवढंच. अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागणं त्यापुढच्या, म्हणजे की स्टेज ३ च्या टप्प्यात.

सगळे एक-दीड वर्षाच्या आत आहेत. कागदावर कोणी कोणाच्या फार पुढे नाही. मग निकालात एवढी दरी कशी पडते, हा धाग्याचा विषय.

---

हातचा_एक

धागा आवडला. पण क्रमवारी सरसकट अडगळीत टाकू नका. ती वाचायची कशी हे कळलं तर उपयोगाची आहे.

दोन मोठ्या परीक्षा आहेत. टिम्स चौथी आणि आठवीची, १९९५ पासून दर चार वर्षांनी. पिसा १५ वर्षांच्या मुलांची, मग ते मूल कोणत्याही इयत्तेत असो, २००० पासून दर तीन वर्षांनी. २०२१ ची पिसा करोनामुळे २०२२ मध्ये झाली. टिम्स शाळेत शिकवलेलं विचारते. पिसा तेच गणित व्यवहारातल्या मजकुरात गुंडाळून देते. आधी परिच्छेद वाचायचा, मग त्यातून गणित बाहेर काढायचं. त्यामुळे एकच देश दोन ठिकाणी वेगळा दिसतो. रशियाला टिम्स २०१९ च्या आठवीत ५४३ गुण होते आणि पिसा २०१८ मध्ये ४८८.

गुण म्हणजे टक्के नव्हेत. पिसाची गणिताची मोजपट्टी २००३ मध्ये अशी लावली की तेव्हाच्या ओईसीडी देशांची (पिसा घेणाऱ्या, बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेची) सरासरी ५०० यावी आणि प्रमाण विचलन १००. टिम्सची पट्टी १९९५ ची. पिसा २०२२ मध्ये सिंगापूर ५७५, मकाव ५५२, तैवान ५४७, हाँगकाँग ५४०, जपान ५३६, दक्षिण कोरिया ५२७, एस्टोनिया ५१०. ओईसीडीची सरासरी ४७२, अमेरिका ४६५. चार-पाच गुणांचा फरक बहुतेक वेळा नमुन्याच्या चुकीतच विरून जातो, त्यावरून अग्रलेख लिहू नयेत. ४२० च्या खाली असलेलं मूल 'किमान पातळी'च्या खाली धरतात. माझं मत विचाराल तर देशाचा क्रमांक बघण्याऐवजी किती टक्के मुलं या रेषेखाली आहेत ते बघा.

फसगतीच्या जागाही माहीत असू द्या. नॉर्वेने २०१५ पासून टिम्सला चौथी-आठवीऐवजी पाचवी-नववीची मुलं बसवली, कारण वय जुळत नव्हतं. आधीच्या आकड्यांशी थेट तुलना केली की 'नॉर्वेची झेप' दिसते, आणि तिच्यात एका वर्षाचं वयही मिसळलेलं असतं. २०१२ मध्ये ६१३ गुण मिळवणारा 'चीन' म्हणजे फक्त शांघाय. २०१८ चे ५९१ गुण बीजिंग, शांघाय, जिआंगसू आणि झेजियांग या चार भागांचे. आणि 'भारत' म्हणजे २००९ च्या पिसाच्या पुरवणी फेरीतली दोन राज्यं, तमिळनाडू (३५१) आणि हिमाचल प्रदेश (३३८). त्यानंतर भारत पिसाला बसलेला नाही.

---

निमकी

म्हणजे दोन राज्यांवरून अख्ख्या देशाला तळाला बसवलं, आणि शांघायवरून अख्ख्या चीनला डोक्यावर. छान!

---

हातचा_एक

@निमकी, हो. पण म्हणून निकाल खोटा ठरत नाही. ग्रामीण भारतापुरतं घरोघरी जाऊन केलेलं 'असर' सर्वेक्षण आहेच. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं २०२४ मध्ये पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांना जमलं. हे गणित तिसरी-चौथीचं आहे. 'परीक्षेतले संदर्भ परदेशी होते' ही सबब इथे चालत नाही, कारण प्रश्न नुसता भागाकाराचा आहे. चौथीत यायला हवं ते पाचवीत दहापैकी सात मुलांना येत नसेल, तर सहावीत अपूर्णांकाचा भागाकार शिकवला गेला असं फार तर कागदावर म्हणता येईल.

---

बाकी_शून्य

पाढ्यांचं बघू, कारण मराठी माणसाचा अभिमान तिथे असतो.

जपान: दुसरीत ९ × ९ पर्यंत. त्याला 'कुकू' म्हणतात आणि ते लयीत म्हणून घेतात.
सिंगापूर: प्रायमरी २ मध्ये २, ३, ४, ५ आणि १० चे, प्रायमरी ३ मध्ये ६, ७, ८, ९ चे.
अमेरिका (कॉमन कोअर): तिसरीअखेर दोन एक अंकी संख्यांचे सगळे गुणाकार तोंडी.
इंग्लंड: इयर ४ अखेर १२ × १२. त्यासाठी जूनमध्ये संगणकावर चाचणी असते, २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद, दोन प्रश्नांमध्ये ३ सेकंदांची उसंत. २०२२ पासून ती सरकारी शाळांना सक्तीची आहे.

नऊ कुठून आणि बारा कुठून? स्थानिक किमतीची पद्धत वापरून कोणताही गुणाकार करायला ९ × ९ पुरतं. त्यापुढचा पाढा ही सोय आहे, गरज नाही. बारा हा इंग्लंडचा जुना वारसा आहे, १२ इंच म्हणजे एक फूट आणि १२ पेन्स म्हणजे एक शिलिंग. आपल्याकडे तीसपर्यंतचे पाढे आणि वर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी (पाव, अर्धा, पाऊण अशा अपूर्णांकांचे पाढे) होती, कारण बाजार आणे, शेर आणि मण यांवर चालायचा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि पावकीचा रोजचा उपयोग ओसरला.

सहाचा पाढा सरळ म्हणता येतो पण '४८ मध्ये ६ किती वेळा?' विचारलं की मूल पहिल्यापासून म्हणायला लागतं, ही जगभरची तक्रार आहे. म्हणून पाठ घेताना निम्मा वेळ उलट विचारा. पाढा आला याची खूण म्हणजे ६ × ८ = ४८, ८ × ६ = ४८, ४८ ÷ ६ = ८ आणि ४८ ÷ ८ = ६ ही चारही उत्तरं सारख्याच वेगाने येणं. इंग्लंडच्या चाचणीत फक्त गुणाकार विचारतात, भागाकार नाही. ती तिची उणीव.

---

काटकोन

पाढ्यांच्याही आधीची पायरी, संख्यांची नावं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी बाजू मांडली होती की जोडाक्षरं टळतात आणि अंक ज्या क्रमाने लिहितो त्याच क्रमाने वाचले जातात.

थट्टा बरीच झाली, पण प्रश्न खरा आहे. मराठीत ३५ ला 'पस्तीस' म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना तीन आधी. 'पस्तीस' ऐकून ५३ लिहिणं ही पहिली-दुसरीतली ठरलेली चूक आहे. जर्मन मुलंही हीच चूक करतात, कारण तिथेही 'पाच आणि तीस' असंच म्हणतात. वर आपल्याकडे 'एकोणतीस', म्हणजे तिसाला एक कमी. ऐकू येतो 'तीस', लिहायचे २९. चिनी आणि जपानी भाषांत ३५ म्हणजे सरळ 'तीन-दहा-पाच'. अकरा ते नव्व्याण्णव ही नावं त्यांना वेगळी पाठ करावी लागत नाहीत. पहिली-दुसरीत त्यांना जो मोकळा वेळ मिळतो, त्यातला काही इथून येतो.

जपानी मुलांना पुढे वेगळी अडचण आहे. त्यांची मोजणी दहा हजारांच्या गटाने जाते आणि स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतो. आपली मुलं इंग्रजी माध्यमात लाख आणि मिलियनमध्ये अडखळतात, त्यातलाच प्रकार.

---

लसावि

त्रैराशिक यांनी मधल्या थराचा उल्लेख केलाय, त्याबद्दल. लिपिंग मा यांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेचे २३ आणि चीनचे ७२ प्राथमिक शिक्षक होते. त्यांना एक गणित दिलं, १ ३/४ ÷ १/२. आपल्या भाषेत, पावणेदोनला अर्ध्याने भागा. आणि याच्यावर एक शाब्दिक उदाहरण रचा.

चिनी शिक्षक सगळे बरोबर आले आणि त्यांतल्या सुमारे ९० टक्क्यांना योग्य उदाहरण रचता आलं. अमेरिकी शिक्षकांपैकी २१ जणांनी गणित करून पाहिलं, पूर्ण बरोबर ९. उदाहरण रचताना तर जवळपास सगळेच घसरले.

घसरण्याची जागा महत्त्वाची. बहुतेकांनी 'पावणेदोन पिझ्झा दोघांत सारखे वाटा' अशी गोष्ट रचली. ते झालं २ ने भागणं, उत्तर ७/८. अर्ध्याने भागणं म्हणजे 'पावणेदोन लिटर दुधात अर्ध्या लिटरच्या किती पिशव्या भरतील?' तीन पिशव्या भरतात, पाव लिटर उरतं, आणि पाव लिटर म्हणजे अर्धी पिशवी. उत्तर साडेतीन. तीन पिशव्या भरून उरलेला पाव लिटर बघून मूल 'सव्वातीन' म्हणतं, ती दुसरी हमखास चूक. उरलेलं लिटरमध्ये मोजायचं नाही, पिशवीत मोजायचं.

आपल्या वर्गात साधारणपणे 'दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा' असं सांगून पुढे जातात. ते का चालतं हे दोन ओळींत सांगता येतं. १ लिटरमध्ये अर्ध्या लिटरच्या २ पिशव्या, म्हणून पावणेदोन लिटरमध्ये पावणेदोन गुणिले २. भाजक ३/४ असेल तर १ लिटरमध्ये पाऊण लिटरच्या ४/३ पिशव्या, म्हणून गुणिले ४/३. उलटा अपूर्णांक म्हणजे 'एका एककात किती मावतात' याचं उत्तर. एवढं फळ्यावर आलं तर नियम पाठ करावाच लागत नाही.

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द घरात बोलले जातात. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाकडे 'पावणेदोन'साठी एक शब्दच नाही. हे भांडवल आपण वर्गात अजिबात वापरत नाही.

---

त्रैराशिक

@लसावि, 'सव्वातीन'ची चूक अगदी मार्मिक. ती दुरुस्त करायला चित्राइतका सोपा उपाय नाही, म्हणून सिंगापूरच्या पट्टी-आकृतीबद्दल लिहितो.

१९८० च्या दशकात तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या गटाने ही पद्धत पाठ्यपुस्तकांत आणली. क्रम तीन पायऱ्यांचा: वस्तू हाताळणे, चित्र काढणे, मग चिन्हं लिहिणे. पट्टी ही मधली पायरी.

उदाहरण: मीनाने जवळच्या पैशांतले २/५ वह्यांवर खर्च केले. उरलेल्या रकमेचा १/३ पेनवर. आता १२० रुपये उरले. सुरुवातीला किती होते?

(१) एक लांब पट्टी काढा, पाच सारखे भाग करा.
(२) दोन भागांवर 'वह्या' लिहा. तीन भाग उरले.
(३) उरलेल्याचा एक तृतीयांश, म्हणजे तीन भागांतला एक, 'पेन'.
(४) राहिलेले दोन भाग = १२०, म्हणून एक भाग ६०, पाच भाग ३००.

पट्टी नसेल तर मूल १ − २/५ − १/३ = ४/१५ करतं आणि १२० × १५/४ = ४५० असं उत्तर काढतं. आकडेमोड निर्दोष, उत्तर चूक, कारण 'उरलेल्याचा' हा शब्द गळाला. पट्टीत तो गळूच शकत नाही, आधी खोडलेल्या भागाकडे पेन्सिल परत जात नाही.

सिंगापूरच्या सहावीअखेरच्या पीएसएलई परीक्षेत अशी उदाहरणं दोन-तीन पायऱ्यांनी लांबवलेली असतात. मर्यादा पण सांगतो. पट्टी ही बीजगणिताकडे जाणारा पूल आहे. माध्यमिकमध्येही मूल पट्टीलाच चिकटून राहिलं तर ऋण संख्या आणि वर्ग आले की अडकतं. पट्टीच्या एका भागाला 'क्ष' म्हणायची सवय सहावीतच लावावी लागते.

---

पुणेरी_कंपास

हे सगळं ठीक, पण अमेरिकेत म्हणे लांब भागाकार सहावीत शिकवतात. मग कसला दर्जा? आपल्याकडे चौथीच्या मुलाला येतो.

---

बाकी_शून्य

@पुणेरी_कंपास, अर्धवट माहिती आहे. कॉमन कोअरमध्ये नेहमीच्या उभ्या मांडणीची बेरीज-वजाबाकी चौथीत, गुणाकार पाचवीत आणि भागाकार सहावीत 'सफाईने' यायला हवा असं म्हटलंय. भागाकार मात्र चौथीपासून करतात, वेगळ्या मांडणीने. ६१२ ÷ ६ घ्या. ६०० मधून १०० वेळा, उरलेल्या १२ मधून २ वेळा, एकूण १०२.

आपल्या उभ्या मांडणीत याच गणिताचं उत्तर १२ येतं, ही जगजाहीर चूक. ६ ला ६ ने भाग, वर १. मग १ खाली घेतला, भाग जात नाही, लगेच २ खाली घेतला, १२ ला ६ ने भाग, वर २. मधला शून्य राहिला. 'एक अंक खाली घेतला की वर एक अंक लिहायचाच' हा नियम पाठ केला तर चूक टळते, पण ६१२ रुपये सहा जणांत वाटले तर प्रत्येकाला १२ येणं शक्यच नाही, हा अंदाज त्याने येत नाही. शंभर-शंभरचे गठ्ठे काढणाऱ्या मुलाला तो आपोआप येतो. उलट बाजूने, गठ्ठ्यांच्या मांडणीत मुलं १०, १०, १० अशी बारीक-बारीक वजाबाकी करत पानभर जातात आणि वजाबाकीतच चुकतात. म्हणून सहावीत उभी मांडणी लागतेच.

आणि 'अमेरिकेत' असं एक काही नाही. २०१० च्या कॉमन कोअरमध्ये टेक्सास आणि व्हर्जिनिया आलेच नाहीत, काही राज्यं नंतर बाहेर पडली किंवा नाव बदलून तेच ठेवलं. जर्मनीतही तसंच, १६ राज्यं. पिसा २००० च्या निकालाचा धक्का बसल्यावर २००३-०४ मध्ये तिथे समान अपेक्षा ठरल्या.

---

निमकी

अवांतर: जर्मनीत जाणाऱ्यांसाठी. तिथे दशांशचिन्हासाठी स्वल्पविराम आणि गुणाकारासाठी मधला टिंब. ३,५ म्हणजे साडेतीन. डेन्मार्कच्या जुन्या कागदांत ÷ हे चिन्ह वजाबाकीचं असतं! मुलाला गणित येत नाही असं ठरवण्याआधी चिन्ह तपासा.

---

काटकोन

जपानच्या वर्गाबद्दल थोडं, कारण 'मधला थर' तिथे सर्वांत नीट दिसतो. प्राथमिकच्या ४५ मिनिटांच्या तासाला बहुधा एकच उदाहरण असतं. शिक्षक प्रश्न टाकतो, मुलं स्वतः झटतात, शिक्षक बाकांमधून फिरत कोणी काय केलंय ते टिपतो. मग ठरवून तीन-चार मुलांना फळ्यावर बोलावतो, क्रम असा की साधी किंवा चुकीची रीत आधी, नेटकी रीत शेवटी. चर्चेतून सगळे शेवटच्या रीतीपर्यंत येतात. फळा तासभर पुसत नाहीत, त्यामुळे संपूर्ण प्रवास समोर राहतो. शिक्षक एकमेकांचे तास बघून त्यावर काथ्याकूट करतात, त्याला 'जुग्यो केन्क्यू' म्हणतात.

याची नक्कल इतरत्र फसते ती फिरण्याच्या पायरीवर. शिक्षक फिरतो पण टिपत नाही आणि मग हात वर करणाऱ्या हुशार मुलालाच बोलावतो. पहिलीच रीत बिनचूक आली की चर्चेला काही उरतच नाही.

जपाननेही धक्के खाल्लेत. १९९८ मध्ये ठरलेला आणि २००२ पासून लागू झालेला 'मोकळीक' देणारा अभ्यासक्रम, आशय सुमारे ३० टक्के कमी. पिसात ५५७ वरून ५३४ आणि मग ५२३. २००८ मध्ये आशय परत वाढवला.

---

हातचा_एक

@काटकोन, एक दुरुस्ती. ५५७ हा २००० चा आकडा, आणि गणिताची मोजपट्टी २००३ मध्ये नव्याने लावली. ५५७ आणि ५३४ यांची वजाबाकी करता येत नाही. २००३ चे ५३४, २००६ चे ५२३ आणि २०१२ चे ५३६ एवढंच वापरा. फिनलंडचं उदाहरण त्या मानाने स्वच्छ आहे. २००३ मध्ये ५४४, २०२२ मध्ये ४८४. शिक्षकांना पदव्युत्तर पदवी तेव्हाही लागत होती, आताही लागते. नववीपर्यंत देशव्यापी परीक्षा तेव्हाही नव्हती, आताही नाही. तेव्हा 'फिनलंड परीक्षा घेत नाही म्हणून पुढे' हे जुनं भाषण आता आवरतं घ्या.

---

लसावि

परीक्षांचं कोणी बोललं नाही. दहावीच्या सुमाराची तुलना:

महाराष्ट्र मंडळ: भाग १ बीजगणित ४० गुण, भाग २ भूमिती ४० गुण, प्रत्येकी दोन तास, अंतर्गत २० गुण. कॅल्क्युलेटर नाही. प्रत्येक भागात 'कृती' स्वरूपाचे ७ गुण, म्हणजे पायऱ्या छापलेल्या आणि चौकटी भरायच्या. बहुतेक प्रश्नांत 'तीनपैकी दोन' असे पर्याय.

इंग्लंडची जीसीएसई: तीन पेपर, प्रत्येकी दीड तास आणि ८० गुण, एक कॅल्क्युलेटरशिवाय, दोन सह. पर्याय नाहीत. दोन स्तर आहेत, खालच्या स्तरात जास्तीत जास्त ५ श्रेणी मिळते. गुण रीतीला वेगळे आणि उत्तराला वेगळे.

चीनची गाओकाओ (बारावीची, पण लोक तुलना करतातच): १५० गुण, १२० मिनिटं. २०२४ च्या नव्या पत्रिकेत प्रश्न २२ वरून १९ केले, शेवटचे जास्त खोल.

पर्याय हा छोटा दिसणारा पण मोठा फरक आहे. तीनपैकी दोन सोडवायचे असले की मूल एक प्रकरणच सोडून देतं, आणि सुटतं बहुधा रचना किंवा प्रमेयांची सिद्धता. भूमितीत आपण कागदावर खरोखर भारी आहोत, स्वतंत्र विषय म्हणून सिद्धता शिकवतो. सिंगापुरात सोळाव्या वर्षीच्या साध्या गणितात सिद्धता जवळपास नाही, ती 'अतिरिक्त गणित' घेणाऱ्यांना. त्याच अतिरिक्त गणितात विकलन आणि संकलनही आहे, जे आपल्याकडे अकरावी-बारावीचं.

---

पुणेरी_कंपास

अमेरिकेतून सातवी करून पुण्यात राज्य मंडळाच्या आठवीत येणाऱ्या मुलाचं काय काय राहिलेलं असतं, ते कोणी नेमकं सांगेल का? बरेच जण विचारतात.

---

त्रैराशिक

कॉमन कोअरची सातवी धरून सांगतो.

राहिलेलं: पायथागोरसचा सिद्धांत (बालभारतीत सातवीत, तिकडे आठवीत) आणि (अ + ब) च्या वर्गासारखी नित्य समीकरणं, जी आपल्याकडे सातवीतच सुरू होतात. आठवीच्या पुस्तकातले विस्तारसूत्रे, अवयव, शिरोलंब-मध्यगा, व्यस्त चलन आणि कंपासने चौकोनरचना हे तर पूर्ण नवे. तिकडे अवयव अल्जिब्रा १ मध्ये, म्हणजे बहुतेकांना नववीत येतात.

हाताशी जास्तीचं: संभाव्यता, नमुन्यावरून अंदाज, गुणोत्तराचे आलेख. आपल्या आठवीत त्यांचा फारसा उपयोग होणार नाही, वाया मात्र जात नाहीत.

सुट्टीतले सहा आठवडे मिळाले तर क्रम असा: ऋण संख्या आणि अपूर्णांकाच्या क्रिया कॅल्क्युलेटरशिवाय (एक आठवडा), पायथागोरस (अर्धा), सूत्रं आणि अवयव (अडीच), कंपास-रचना (एक), उरलेला वेळ मराठी किंवा सेमी-इंग्रजीच्या संज्ञा. मसावि, लसावि, विशालकोन, संगत कोन हे शब्द न कळल्याने जेवढे गुण जातात, तेवढे गणित न आल्याने जात नाहीत.

उलट दिशेने, इथून सातवी करून तिकडे आठवीत जाणाऱ्याला चढ (स्लोप), फल (फंक्शन) आणि परिवर्तन-परावर्तन नवे असतील. दोन चलांची समीकरणं आपल्याकडे नववीत, तिकडे आठवीत. आणि उत्तराखाली 'कारण लिहा' असतं, तिथे नुसतं उत्तर लिहून गुण जातात.

---

निमकी

मीनाचं गणित बदलून घातलं. उरलेल्या रकमेचा १/४ पेनवर आणि शेवटी १८० रुपये उरले. तीन भागांचे चार कसे करायचे इथे मूल अडकलं.

---

त्रैराशिक

पाचही भागांचे प्रत्येकी चार तुकडे करा, एकूण २० तुकडे. वह्या ८, उरले १२, पेन ३, राहिले ९. नऊ तुकडे = १८०, एक तुकडा २०, वीस तुकडे ४००. फक्त उरलेल्या तीन भागांचेच तुकडे केले तर शेवटी 'पाच भाग' म्हणून पाचने गुणायचा मोह होतो आणि १०० येतात. म्हणून सगळी पट्टी एकाच मापाने कापायची.